चार डिस्कांचा डबा

सेलू,
१२ सप्टेंबर २०२४

भगवान,

पाकीट बघून दचकू नको. घरी सगळे बरे हायेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की माझे कान आता पुरते गेले. इतकी वर्षं बँडच्या पुढं कॅमेरा घेऊन उलटं उलटं चाललो, त्याचं बक्षीस. मशीन घेतलंय, पण कानात घातलं की शिट्टी वाजती. फोनवर तू काय बोलायलास ते मला समजत न्हाई, अन् मोबाईलवर दोन ओळी टाईप करस्तोवर तिसरी ओळ विसरून जातो. म्हणून हा कागद.

तू लावून दिलेला डबा, आपल्या सगळ्या फिल्मा भरलेला, बंद पडला.

झालं असं. शेजारी राजेश्रीचं झेरॉक्सचं दुकान हाय. गणपतीच्या गडबडीत ती आत आली अन् हातानं खुणा करायली. मला कळंना. शेवटी तिनं पावतीच्या मागं लिहून दाखवलं : ‘भाऊ, तुमच्या दुकानात उन्हाळ्यापासून टूं टूं वाजायलंय. मला वाटलं इन्व्हर्टर हाय. काल वाजायचं बंद झालं म्हणून विचारायला आले.’

आता मला काय ऐकू येणार? डब्याच्या तोंडाशी लाल दिवा बी लागला असंल, पण धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर टॉवेल झाकून ठेवला व्हता. टॉवेल काढला तर चारपैकी दोन दिवे लाल. कॉम्प्युटरवर बघितलं तर आपलं एक बी फोल्डर दिसंना. इंग्रजीत लिहून आलं की व्हॉल्यूम बिघडलाय, अन् खाली एक बटन, नवीन व्हॉल्यूम तयार करा म्हणून. परभणीच्या एका पोराला दाखवलं. तो म्हणला, काका, जुनं गेलं, बटन दाबा अन् नव्यानं वापरा.

दाबू का? एका माणसाचं काम अडलंय म्हणून विचारतो, न्हाईतर तुला तरास दिला नसता. तुझ्या छातीचं कसं हाय ते बी कळव.

तुझा
माणिक


पुणे,
१८ सप्टेंबर २०२४

अरे माणिक,

दाबू नकोस! आधी डब्याची पिन काढ, मग पुढचं वाच. आमची पोरगी प्रियांका म्हणत होती, काकांना लगेच मेसेज करते. तिने केलाही, पण तू बघितला असशील याची मला खात्री नाही.

माझी छाती ठणठणीत आहे. बायपासला दहा महिने झाले. दुकान आता प्रियांकाच बघते. मी लोकांच्या मेलेल्या डिस्क हातात घेऊन नुसता बसतो आणि तिला नको ते सल्ले देतो.

तुझं पत्र वाचलं आणि डबा लावला ती दिवाळी आठवली. तू, मी आणि येडबा. स्टुडिओत दोन कॅसेट प्लेअर, एक माझा कॉम्प्युटर, आणि जमिनीवर कॅसेटींचे ढीग. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती चालवायला लागायची. बोरीचं लग्न, जिंतूरचं लग्न, कुणाचा साखरपुडा, कुणाची मुंज. येडबा भिंतीला टेकून सगळी बघत होता. अमक्या लग्नात वरणात मीठ नव्हतं, तमक्या लग्नात नवरदेवाचा बूट हरवला, हे त्याला सगळं पाठ. मी म्हणालो होतो, “चार डिस्क एकत्र जोडून त्यांची रेड करू.” तर तो घाबरून म्हणाला, “रेड कामून? आपण काय चोरी केली काय, भगवानभाऊ?” पोलिसांची धाड म्हणजे रेड, एवढंच त्याला माहीत. तू हसून हसून खाली बसलास.

तेव्हा सांगितलेलं तू विसरला असणार, म्हणून परत सांगतो. त्या डब्यात चार डिस्क आहेत. एकही फिल्म अख्खी एका डिस्कवर नाही. तिचे तुकडे होऊन चौघींवर पसरलेत, आणि तुकड्यांबरोबर ताळाही ठेवलेला आहे, शाळेत गणिताचा करायचो ना तसा. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी ताळ्यावरून तिच्यातलं काढून देतात. काम चालू राहतं. डबा फक्त ओरडत राहतो की बाबा, मला नवी डिस्क दे. तो तुझ्याकडे उन्हाळाभर ओरडला. मग दुसरी गेली. आता उरलेल्या दोघींच्या हातात काही नाही.

व्हॉल्यूम म्हणजे चौघींचा मिळून एक साठा; ते बटन दाबलं असतंस तर त्या दोघींवरही नवा मांड मांडला गेला असता आणि जुनं पुसलं गेलं असतं.

चारही डिस्क काढ, कुठली कितव्या खणात होती तो नंबर चिकटव, मऊ कपड्यात गुंडाळ आणि पाठवून दे. पण खरं सांगू का? एवढा खटाटोप कशाला? ती लग्नं ज्यांची, त्यांच्या घरी त्यांच्या कॅसेटी असतील. वीस वर्षांपूर्वीची वरात आता कोण बघणार आहे? तुझ्या गिऱ्हाइकाचं जे अडलंय ते मिळतं का बघू आणि बाकीचं सोडून देऊ.

येडबा कसा आहे? त्याला सांग, रेड पडली म्हणून.

तुझा
भगवान


सेलू,
२५ सप्टेंबर २०२४

भगवान,

डिस्का पाठवल्यात. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला हातात दिल्या, प्रियांकाचा नंबर दिला. माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळल्यात. एक सांगायचं राहिलं. तुझं पत्र यायच्या आधीच मी चारी डिस्का बाहेर काढून फडक्यानं पुसल्या व्हत्या. कोणती कुठं व्हती ध्यानात न्हाई. नंबर अंदाजानं चिकटवलेत.

आता दुसरं.

येडबा राहिला न्हाई, भगवान. मागच्या दिवाळीच्या पुढं गेला. मेंढरं घेऊन रानात व्हता, थंडी वाजून आली म्हणून झाडाखाली निजला, तो उठलाच न्हाई. तू तवा दवाखान्यात टेबलावर व्हतास. वहिनी म्हणल्या, एवढ्यात सांगू नका. मग पुढं मला बी जीभ उचलंना. तुझ्या पत्रात त्याचं नाव वाचलं अन् दोन दिवस पेन हातात घेतला न्हाई.

मी ज्या माणसाचं काम अडलंय म्हणलं, ती भिवराबाई. येडबाची बायको. लेक निकिताला घेऊन आली व्हती. ती आपल्या स्टुडिओत खुर्चीवर कधी बसली न्हाई, तशीच दारात बसली. निकितानं मला कागदावर लिहून दाखवलं. तिचं लगीन जमलंय, मांडव बोरीलाच. मांडवात बापाचा फोटो ठेवायचाय. फोटो न्हाई. आधार कार्डावरचा हाय, त्याच्यात तो भ्यायल्यासारखा दिसतो. निकिताच्या मोबाईलात दोन-चार व्हते, तो मोबाईल पाणी शेंदताना विहिरीत गेला.

भिवराबाई काय म्हणली ते निकितानं जसंच्या तसं लिहिलं, मी कागद ठेवलाय : ‘भाऊ, समद्या मुलखाची लग्नं तुमी डब्यात घातली. माझा माणूस पंधरा वर्सं तुमच्यासंगं फिरला. त्याच्यात कुठंतरी असंलच की.’

मी म्हणलं, व्हय, हाय. बघून देतो.

ती गेली अन् मग माझ्या ध्यानात आलं. असंल कुठं? लाईट तर तोच धरायचा. दांडीवर हॅलोजन घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभा. त्यानं उजेड पाडला ती सगळी माणसं कॅसेटीत हायेत, तो न्हाई. एखाद्या वेळी सावली आली असंल भिंतीवर. पण मी बाईला व्हय म्हणून बसलो.

वीस वर्षांपूर्वीची वरात कोण बघणार म्हणतोस, तर हे असं हाय.

माणिक


पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

माणिक,

तुझं पत्र आधी प्रियांकाने वाचलं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, पाणी पिऊन घ्या.” मला वाटलं तुझं काही झालं.

मला कळवायला हवं होतंस, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. तू बरोबर केलंस.

चार-पाच दिवस मी दुकानात गेलो नाही. आपण तिघं मालेगाव यात्रेहून येताना गाडी बंद पडली होती ते आठवत राहिलो. येडबाने रस्त्याकडेच्या एका धनगरांच्या वाड्यावर जाऊन कुणाला तरी पाव्हणा करून घेतलं आणि आपल्याला ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून दिला. त्याला कुठंही पाव्हणे भेटायचे. तू विचारलंस, हे कोण तुझे? तर म्हणाला, “आता झाले की.”

डिस्कांचं सांगतो. तू चिकटवलेले चारही नंबर चूक निघाले. एखादा तरी बरोबर यायला हवा होता, लेका. पण त्याची काळजी नको, प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला तिची जागा लिहिलेली असते, ती आम्ही वाचली. आधी एकेका डिस्कची दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर नक्कल करतो, मग जे काय करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

दोन डिस्क निरोगी आहेत. त्यांच्या नकला झाल्या. तिसरी सप्टेंबरात गेली, ती चालू केली की आत टकटक वाजतं. तिच्या आतला काटा तुटून पत्र्यावर घासलाय. तिच्यातून एक अक्षर निघालं नाही. चौथी मार्चमध्येच बाहेर पडली होती. ती फिरते, पण डब्याने तिला तेव्हापासून वाळीत टाकलंय. तिला पुढचं काहीच माहीत नाही. बाकीच्या डिस्क सप्टेंबरात, ही मार्चमध्ये. त्यांचा ताळा जुळत नाही. डब्याला विचारलं तर तो सरळ नाही म्हणतो.

तिघी पाहिजेत, आणि माझ्याकडे आहेत दोन. एवढंच सांगतो सध्या. भिवराबाईला शब्द देऊन बसला आहेस, त्यावर आणखी काही बोलू नकोस.

भगवान


सेलू,
२७ ऑक्टोबर २०२४

भगवान,

तुझं पुढं काही आलं न्हाई, त्यावरून समजलो. मनाला लावून घेऊ नको. तू काय डिस्कात जीव घालणार हायेस?

भिवराबाई परवा परत आली. सेलूला बाजाराला आली व्हती, निकिता संगं न्हाई. मी म्हणलं पुण्याला काम चालू हाय. तिनं मान हलवली. मग दाराच्या चौकटीला हात लावून काहीतरी बोलली, मला समजलं न्हाई. मी आपली मान हलवली. ती समाधानानं गेली. राजेश्रीला विचारलं, काय म्हणली गं? तर म्हणं, ‘इथंच हाय तो, मला ठाव हाय,’ असं म्हणली.

आता सांग मी तोंड कुठं लपवू.

जिंतूरला एक पेंटर हाय, तो आधार कार्डावरून रंगीत चित्र काढून देतो म्हणला. डोळ्यांतलं भ्यालेलं काढून टाकतो म्हणला. मी कार्डाची झेरॉक्स देऊन आलो. ते बरं झालं तर तेच देऊ. तू डिस्का तिथंच ठेव, परत पाठवायचा खर्च करू नको. प्रियांकाला माझा आशीर्वाद सांग, पोरीनं एवढी मेहनत केली.

दिवाळीला ये म्हणलं असतं, पण तुला प्रवास झेपतो का न्हाई ठाव न्हाई.

माणिक


पुणे,
१२ नोव्हेंबर २०२४

माणिक, माणिक,

पेंटरला सांग, राहू दे.

झालं काय ते ऐक. मी तर हात टेकले होते. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना प्रियांकाने विचारलं, “बाबा, मार्चनंतर काकांनी डब्यात नवीन काय टाकलं?”

मी म्हणालो, उन्हाळ्यातली चार लग्नं टाकली असतील.

“आणि जुन्या फायली? त्यांना हात लावला?”

“तो कशाला लावेल? नुसत्या पडून होत्या.”

“मग ती मार्चची डिस्क चुकीची कुठाय?” ती म्हणाली. “तिला उन्हाळ्याचं माहीत नाही, बरोबर. पण आपल्याला उन्हाळ्याचं पाहिजेच कशाला? जुनं तर जिथल्या तिथं आहे.”

माझा लाडू हातातच राहिला. इतकी वर्षं मी हा धंदा केला असं लोकांना सांगतो.

मार्चच्या डिस्कची नक्कल केली. काही ठिकाणी ती अडली, पण बहुतेक निघाली. मग त्या दोघींबरोबर हिला बसवून, वेळ जुळत नसली तरी चालेल असं सांगून, फक्त वाचण्यापुरता व्हॉल्यूम उघडला. पडद्यावर फोल्डर आले. तूच टाकलेली नावं, तुझ्याच चुकांसकट. ‘बोरि पाटील’, ‘जिंतुर साखरपुढा’. 

गेलं ते आधी सांगतो. या उन्हाळ्यातली चारही लग्नं विस्कटली. ती तू पेनड्राईव्हवर लोकांना दिली असशील. जुन्यातल्या काही फायली उघडत नाहीत, त्यात प्रियांकाचं बारसं आहे. हिरवे-जांभळे चौकोन दिसतात आणि मध्येच माझ्या आईचा हात पाळण्यावर येतो आणि जातो.  त्या फायलीवर पोरगी अजून रोज थोडा वेळ बसते, मला न सांगता.

आता येडबा.

लग्नांच्या मिक्सिंग केलेल्या फिल्म बघितल्या. तू म्हणालास तसंच, तो कुठेच नाही. मग कच्च्या कॅसेटी उघडल्या, न कापलेल्या. तू तेव्हा माझ्याशी भांडला होतास की हा कचरा कशाला भरतोस, जागा जाते. पहिली लावली आणि पडदा पांढरा झाला. मला वाटलं ही पण गेली.

पांढरं हललं. माणिक, तो पटका होता.

शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याला पांढरं काहीतरी दाखवायला लागायचं, नाहीतर हॅलोजनच्या उजेडात नवरीचा शालू आणि तोंड सगळं पिवळं यायचं. आपल्याकडे पांढरं होतं काय? येडबा लाईट स्टँडवर टेकवायचा, डोक्याचा पटका सोडून दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरायचा. तू त्यावर रंग जुळवून घ्यायचास. मग पटका खाली यायचा आणि मागून येडबा. प्रत्येक कच्च्या कॅसेटीच्या सुरुवातीला. मिक्सिंगमध्ये ते मी कापून टाकायचो.

एकामागून एक लावत गेलो. काळ्या मिशीचा येडबा. अर्ध्या पांढऱ्या मिशीचा. एकात गालावर गळू आलंय. एकात नवा सदरा, त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच.

आणि आवाज आहे. माईक बघायला मी त्याच्या हातात द्यायचो आणि लांब जाऊन हेडफोन लावायचो. म्हणायचो, येडबा, बोल काहीतरी. लोक एक दोन तीन म्हणतात. तो काय बोलायचा ते मी तेव्हा ऐकलंच असणार, पण मी खरखर येते का तेवढंच ऐकत होतो. बँडच्या गोंगाटात तुला तर कॅमेऱ्यापाशी काही कळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आता ऐकूही येणार नाही, म्हणून इथे लिहून देतो. काही चांगले वेचलेत.

जिंतूर, पहिल्या पहिल्या वर्षांतलं :
“हॅलो. हॅलो. भिवरे, मी जिंतूरला हाय. इथं बुंदी केलीया. वास लय चांगला यायलाय. तुला आणतो.”

बोरी :
“भिवरे, थोरल्या मेंढीकडं ध्यान दे, तिचे दिस भरत आलेत. मी उद्याच्याला येतो. मुंडासं सोडलंय, थंडी वाजायलीय.”

एकात गाव कळत नाही, पण मागे आपला जनरेटर दिसतो :
“भिवरे, सकाळी बोललो ते मनावर घेऊ नको. माझं डोस्कं फिरलं व्हतं. भाकर खाल्लीस का? ... भगवानभाऊ, आला का आवाज? बास का?”

एकात निकिताला ताप होता वाटतं :
“निकीचं अंग बघ गं. कमी न्हाई झालं तर बोरीच्या दवाखान्यात ने. मी न्हाई म्हणून थांबू नको.”

आणि हे शेवटच्या काही कॅसेटींतलं, मिशी पांढरी झालेली :
“भिवरे, ऐकायलीस का?” मग हसतो. “ती कुठली ऐकती. मी आपला माईकात बोलायलोय.”

बहुतेक सगळीकडे तिच्याशीच बोललाय. तेव्हा त्यांच्या घरी फोन नव्हता.

दहा-बारा चेहरे मोठे करून फोटो काढलेत, ते पाकिटात आहेत. बाकी सगळं नव्या डिस्कवर भरून पाठवतोय, टीव्हीला लावलं की दिसेल. आवाज मोठा ठेव. तुझ्यासाठी नव्हे.

भगवान

ता. क. डबा परत लावायचा आहे. मी स्वतः येतो. डॉक्टर हो म्हणाले. आणि त्याची दुसरी नक्कल राजेश्रीच्या दुकानात ठेवू, तिला ऐकू येतं.


सेलू,
१८ डिसेंबर २०२४

भगवान,

लगीन झालं. चांगलं झालं. मी शूटिंगला कुणाला बोलावू दिलं न्हाई, मीच गेलो. हात कापत्यात, पण आजकालचा कॅमेरा स्वतःच स्वतःला सावरून घेतो. मांडवात खुर्चीवर येडबाचा फोटो ठेवला व्हता, फोटोला हार, पुढं समई. अक्षता टाकून माणसं आधी त्याच्या पाया पडायली, मग जेवायला बसायली. येडबाचा धाकटा भाऊ मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला व्हता. तो फोटोपुढं उभा राहिला अन् तिथंच बसकण मारली. त्याला उठवायला दोघं लागले.

कोणता फोटो ते सांगतो. तू पाठवलेले सगळे मी टेबलावर मांडले व्हते. मला वाटलं हसरा घेईल, निकिता बी तोच म्हणायली. भिवराबाईनं गळू आलेला उचलला. निकितानं लिहून दाखवलं, आई म्हणती, ‘ह्याच्यात तो माझ्याकडं बघायलाय.’ आता बघत तो माझ्या कॅमेऱ्याकडं व्हता, पण मी कशाला बोलू? परभणीला नेऊन गळू तेवढं पुसून मोठा करून आणला. तर म्हणली, गळू कामून काढलं? परत घालून आणलं.

आता त्या दिवशीचं, डिस्क आली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी त्या दोघींना निरोप धाडला. जिंतूर गाडीनं आल्या. ह्या वेळी खुर्ची पुढं ओढून दिली तर भिवराबाई बसली. टीव्ही लावला. मला तर नुसतं पांढरं दिसायलं, मग पटका खाली, मग येडबा. त्याचे ओठ हलायले अन् मी तुझं पत्र पुढं धरून, कोणतं चालू हाय ते बोटानं शोधत व्हतो. बुंदीचं आलं ते मला समजलं, कारण भिवराबाईनं निकिताच्या मांडीवर चापट मारली. निकितानं लिहिलं, ‘आई म्हणती, आणली व्हती, मुंग्या लागलेली.’

मेंढीच्या वेळी ती बोटं मोजायली, कोणती मेंढी, कोणतं वर्ष.

मग ते सकाळच्या भांडणाचं आलं. ती टक लावून बघत राहिली. संपलं तशी निकिताला म्हणली, परत लाव. परत लावलं. मग जे बोलली ते निकितानं मला लिहून दिलं, पण लिहिताना पोरीच्या डोळ्यांचं पाणी कागदावर पडलं : ‘हे घरी येऊन बोलला असता तर मी दोन दिस अबोला धरला नसता.’

म्हंजी तिला तो दिवस ठाव हाय, भगवान. इतक्या वर्षांनी बी. आपण ती कॅसेट कितीला विकली, कुणाचं लगीन, मला आठवत न्हाई.

निकिता तापाचं ऐकून आईकडं बघायली. तिला काही माहीत नव्हतं. आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला, जसं काय आत्ता ताप हाय.

शेवटी पांढऱ्या मिशीचं आलं. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी बोटाखाली धरून ठेवली व्हती. येडबा हसला. त्याच्यावरच निकितानं चित्र थांबवलं. मला वाटलं आता उठतील, गाडीची वेळ व्हायली व्हती.

भिवराबाई उठली, पण दाराकडं न्हाई गेली. टीव्हीजवळ जाऊन खाली बसली, पदर नीट घेतला, अन् त्याच्याशी बोलायली. मला तिची पाठ दिसायली अन् मधूनमधून बाजूनं ओठ. लय वेळ बोलली. एकदा हातानं लांब दाखवलं, गावाकडं असंल न्हाईतर रानाकडं. एकदा निकिताकडं बोट केलं. एकदा तोंडाला पदर लावून हसली, नव्या नवरीगत. निकिता उभी व्हती, ती हळूच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मला एक शब्द ऐकू आला न्हाई. मधीच निकिताला म्हणावं वाटलं, लिहून दे की काय म्हणायली. कागद बी पुढं केला व्हता. मग तो परत खिशात घातला, खुर्ची उचलली अन् बाहेर राजेश्रीच्या दुकानापुढं जाऊन बसलो.

ये लवकर.

तुझा
माणिक